तुलना करायचीच असेल, तर जवळून करा

एक शिक्षिका लिहितात : मी 14 वर्षं गणित शिकवते आहे. दोन वर्षांपूर्वी आमच्या शाळेत एक नवीन शिक्षिका रुजू झाल्या. सातवीची अ तुकडी त्यांच्याकडे, ब माझ्याकडे. विषय एकच, वर्ग शेजारीशेजारी. त्यांच्या तासाला मुलं खळखळून हसतात, ते मला भिंतीपलीकडून ऐकू येतं. शाळेच्या ग्रुपवर त्यांच्या उपक्रमांचे फोटो येतात आणि खाली अभिनंदनाची रांग लागते. घटक चाचणी झाली की मुख्याध्यापक बैठकीत तुकडीवार सरासरी वाचून दाखवतात. गेल्या वेळी माझी तुकडी चार गुणांनी मागे होती. या वर्षी दुसऱ्या शाळांमधून आलेली बहुतेक मुलं माझ्याकडे आहेत, पण ते बोललं तर सबब सांगितल्यासारखं होईल म्हणून मी गप्प बसले. परवा एका मुलीनं विचारलं, "बाई, त्या बाई आपल्याला कधी शिकवणार?" थोड्या वेळानं तीच मुलगी फळ्यावर चुकली आणि मी तिच्यावर उगाच खेकसले. हल्ली ऑफ तासाला मी स्टाफरूममध्ये जात नाही. त्यांच्यासारखे उपक्रम करायचे म्हणून रात्री अकरा-अकरापर्यंत कागद कापत बसते, आणि सकाळी शाळेचं नाव काढलं की पोटात गोळा येतो. वाईट याचं वाटतं, की त्या स्वभावानं फार चांगल्या आहेत. आमचं कधी वाजलेलं नाही. मग मी अशी जळकी का झाले? माझ्यातच काही खोट आहे का? पुढच्या सत्रात दुसरी इयत्ता द्या, असा अर्ज करू का?

(पत्र संक्षिप्त केलं आहे. ओळख पटेल असे तपशील काढले आहेत.)

नमस्कार बाई,

स्वतःला दिलेली दूषणं आधी बाजूला ठेवू या. दोन वर्षांत त्या बाईंबद्दल कुणाजवळ वाकडा शब्द काढल्याचं तुमच्या पत्रात कुठे दिसत नाही. त्यांच्या कामात खोडा घातल्याचंही नाही. जो काही त्रास दिलात, तो स्वतःलाच. दुसऱ्याचं कौतुक ऐकताना मनात कळ उठते, ती उठावी की नाही हे कुणाच्याच हातात नसतं. तिचं पुढे काय करायचं, हे असतं. पत्रात मला खटकलं ते एकच, त्या मुलीवर खेकसणं. त्याकडे पुढे येतेच.

शिक्षकांच्या मनात ही तुलना इतकी घर का करते, ते आधी पाहू. आपण चांगलं शिकवतो की नाही, हे शिक्षकाला कळणार कशावरून? आज शिकवलेलं मुलाच्या डोक्यात नेमकं कुठे जाऊन बसलं, हे कधीकधी काही वर्षांनी दिसतं, आणि तोवर ते मूल तुमच्या वर्गात नसतं. मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी 1954 मध्ये मांडलं होतं, की स्वतःला जोखायला पक्कं माप हाताशी नसलं की माणूस दुसऱ्या माणसाकडे बघून स्वतःला जोखतो. आणि त्यासाठी तो कुणालाही निवडत नाही, आपल्यासारख्याच माणसाला निवडतो. तीच इयत्ता, तोच विषय, शेजारचा वर्ग. तुमच्या शाळेत चित्रकला उत्तम शिकवणारे कुणी सर असतील, तर त्यांच्या कौतुकानं तुमची झोप उडत नसेल. गणिताच्या कौतुकानं उडते, कारण गणित शिकवणं तुमच्या जिवाभावाचं आहे. कामाचं ज्याला काही पडलेलंच नाही, त्याला शेजारच्या वर्गातला हशा ऐकूही येत नाही.

त्यात पुन्हा वर्गाचं दार बंद. डॅन लॉर्टी या अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी 1975 मध्ये शिक्षकी पेशाबद्दल लिहिताना शाळेला अंड्यांच्या खोक्याची उपमा दिली होती. प्रत्येक अंडं आपापल्या कप्प्यात, शेजारच्याला न शिवता. तुमच्याच बाबतीत आठवून पाहा, 14 वर्षांत सहकाऱ्याचा अख्खा तास, घंटेपासून घंटेपर्यंत, मागच्या बाकावर बसून तुम्ही कितीदा पाहिलात? हा प्रश्न ज्या ज्या शिक्षकांना विचारावा, ते थांबून आठवायला लागतात.

म्हणून मी तुम्हाला विचारते, त्या बाई शिकवतात कशा, हे तुम्हाला ठाऊक आहे का? पत्रात चार गोष्टी आहेत. हशा, फोटो, सरासरी आणि मुलीचा प्रश्न. या चारही गोष्टी त्यांच्या शिकवण्याच्या अवतीभवतीच्या आहेत, शिकवणं त्यात कुठेच नाही. स्वतःचा तास मात्र तुम्हाला पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत पाठ आहे. फसलेलं उदाहरण, मागच्या बाकावरची कुजबुज, घंटा झाली तरी अर्धवट राहिलेलं गणित, सगळं. एकीकडे अख्खा तास, दुसरीकडे भिंतीतून आलेला आवाज. यात तुम्ही हरणारच होतात.

हशाचंच घ्या. वर्ग हसतो म्हणजे वातावरण मोकळं आहे, आणि ते चांगलंच आहे. पण मुलं शिकली का, हे हशावरून कळत नाही, तसं ते तुमच्या वर्गातल्या शांततेवरूनही कळत नाही. हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांवर झालेला एक अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला ओघवतं, ऐकत राहावंसं व्याख्यान दिलं. दुसऱ्या गटाला तोच भाग स्वतः झगडून सोडवायला लावला. व्याख्यान ऐकलेल्यांना वाटलं की आपण जास्त शिकलो. चाचणीत जास्त शिकलेले निघाले ते झगडलेले विद्यार्थी. तुमच्या वर्गात कपाळाला आठ्या घालून बसलेल्या मुलांकडे पाहून तुम्ही जो निष्कर्ष काढत आला आहात, तो कदाचित तपासून पाहायला हवा. भिंतीपलीकडे काय चाललं आहे, तेही.

सरासरीचा मुद्दा मला जास्त गंभीर वाटतो, कारण आकडा म्हटलं की माणूस वाद घालायचं सोडून देतो. चार गुणांचा फरक म्हणजे किती, ते करून पाहा. गणिताच्या शिक्षिका आहात, तुम्हाला माझी गरज नाही. समजा वर्गात 42 मुलं आहेत आणि त्यातली सहा मुलं, नव्यानं आलेली, मागचा पाया कच्चा असलेली, बाकीच्यांपेक्षा 25-25 गुणांनी मागे आहेत. एकूण 150 गुण गेले. 42 नी भागा. वर्गाची सरासरी साडेतीन गुणांनी खाली आली, आणि उरलेल्या 36 मुलांच्या बाबतीत तुमच्याकडून काहीही कमी पडलेलं नाही. या सहा मुलांना सत्राच्या सुरुवातीला किती येत होतं आणि आता किती येतं, हे त्या सरासरीत कुठेच दिसत नाही. तुमचं या वर्षीचं सगळ्यात चांगलं काम नेमकं तिथे असू शकतं. मुलांच्या गुणांवरून शिक्षक जोखण्याच्या पद्धतींबद्दल अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशन या संख्याशास्त्रज्ञांच्या संस्थेनं 2014 मध्ये एक निवेदन काढलं होतं. मुलामुलांच्या गुणांत जो फरक दिसतो, त्यातला साधारण 1 ते 14 टक्के भाग शिक्षकांमुळे पडतो असं बहुतेक अभ्यासांत आढळतं, असं त्यात म्हटलं आहे. याचा अर्थ शिक्षकानं काही बिघडत वा सुधारत नाही, असा मुळीच नाही. पण एका चाचणीतल्या चार गुणांवरून दोन शिक्षिकांचं डावं-उजवं ठरवणं हे गणितातही बसत नाही.

शिवाय गुण म्हणजे सगळं नव्हे, हेही आता नुसतं समजूत काढण्यासाठी म्हणायचं वाक्य राहिलेलं नाही. किराबो जॅक्सन या अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या नववीच्या मुलांची माहिती तपासून 2018 मध्ये दाखवून दिलं, की मुलांचे गुण वाढवणारे शिक्षक आणि मुलांची हजेरी, वर्तन सुधारणारे शिक्षक हे पुष्कळदा वेगवेगळे असतात. आणि मुलं पुढे शाळा पूर्ण करतील की नाही, याचा अंदाज या दुसऱ्या गोष्टीवरून जास्त चांगला येतो. तुमच्याकडची नवीन मुलं रोज शाळेत येतात का, बोलायला लागली का, हे एकदा बघा. मुख्याध्यापक ते वाचून दाखवत नाहीत, म्हणून तुम्हीही ते मोजायचं सोडून दिलं असेल.

इथवर वाचून तुम्हाला वाटेल, मी म्हणणार की तुम्हीही त्यांच्याइतक्याच चांगल्या आहात, उगाच मनाला लावून घेऊ नका. तसं मी म्हणणार नाही. एका पत्रावरून ते मला कळू शकत नाही, आणि तुम्हाला ते पटणारही नाही. काही बाबतींत त्या तुमच्यापेक्षा चांगलं शिकवत असतील, ही शक्यता मान्य करू या. काही बाबतींत तुम्ही. प्रश्न असा, की आपल्यापेक्षा एखादी गोष्ट चांगली करणारा माणूस शेजारी असणं हे कायम जाचकच असतं का?

ब्राम ब्यूंक या डच मानसशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 मध्ये दाखवलं, की वर पाहणं असो की खाली पाहणं, दोन्हीनं माणसाला बरंही वाटू शकतं आणि वाईटही. सरस माणसाकडे पाहून 'हे मलाही जमेल' असं वाटलं तर उभारी येते. 'हे मला कधीच जमायचं नाही' असं वाटलं तर माणूस खचतो. माणूस तोच, फरक आपण काय धरून बसतो त्याचा. तुम्ही दुरून पाहता आहात, आणि दुरून कौशल्य कधी दिसत नाही, फक्त त्याचा झगमगाट दिसतो. म्हणून ते जन्मजात वाटतं. मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बँडुरा यांनी 1977 मध्ये माणसाचा स्वतःवरचा विश्वास कशातून तयार होतो ते सांगताना स्वतःच्या यशाखालोखाल एक गोष्ट सांगितली होती, ती म्हणजे आपल्यासारख्या माणसाला ती गोष्ट करताना पाहणं. करताना पाहणं, नुसता निकाल पाहणं नव्हे.

आणि ही एक गोष्ट मला तुम्हाला आवर्जून सांगायची आहे. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जॅक्सन आणि एलियस ब्रूगमन यांना असं आढळलं, की त्याच इयत्तेला शिकवणारे सहकारी जास्त कुशल असतील, तर त्या शिक्षकाच्या स्वतःच्या वर्गातल्या मुलांचीही प्रगती जास्त होते. शिक्षक एकमेकांकडून शिकतात, म्हणून. तेव्हा त्या बाई शेजारच्या वर्गात आल्या, यात तुमच्या ब तुकडीतल्या मुलांचा फायदा आहे. अट एवढीच, की मधल्या भिंतीला कुठेतरी दार हवं.

तर माझा पहिला सल्ला हा : त्यांच्या वर्गात जाऊन बसा. एक अख्खा तास.

हे वाचूनच तुमचा जीव कानकोंडा झाला असेल. विचारायचं कसं? सरळ विचारा. "अपूर्णांकांचा भाग माझ्या वर्गाला जड जातोय. तुम्ही तो घ्याल त्या दिवशी मी मागे येऊन बसले तर चालेल का?" एवढंच. 'तुम्ही फार छान शिकवता असं ऐकते' वगैरे प्रस्तावना नको. एक ठरलेला धडा मागितलात की समोरच्याला परीक्षा दिल्यासारखं वाटत नाही आणि तुम्हालाही हार पत्करल्यासारखं वाटत नाही. विषय तुमच्या दोघींच्या मधे राहतो.

तिथे बसल्यावर सगळं टिपायला जाऊ नका. एकच गोष्ट धरा. मी तुम्हाला एक सुचवते. त्यांनी प्रश्न विचारल्यावर, कुणाकडून तरी उत्तर येईपर्यंत किंवा त्या स्वतः पुन्हा बोलेपर्यंत किती वेळ जातो, ते मनातल्या मनात मोजा. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ मेरी बड रो यांनी 1970 च्या दशकात वर्गातल्या तासांचं ध्वनिमुद्रण तपासलं, तेव्हा त्यांना दिसलं की शिक्षक प्रश्न विचारून सरासरी एक सेकंदही थांबत नाहीत. हेच थांबणं तीन सेकंदांपर्यंत नेलं की उत्तरं लांबतात, गप्प राहणारी मुलं बोलायला लागतात आणि मुलं स्वतःहून प्रश्नही विचारू लागतात. तीन सेकंद ऐकायला काहीच वाटत नाहीत, वर्गासमोर उभं राहिल्यावर ते संपता संपत नाहीत. कदाचित त्या बाई न कळत तेवढं थांबत असतील आणि त्यांच्या वर्गाच्या मोकळेपणाचं मूळ तिथे असेल. कदाचित त्या थांबत नसतील, आणि तुम्ही थांबत असाल. जे दिसेल ते त्या दिवशीच्या टाचण वहीत दोन ओळींत लिहा आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्या तासाला तेवढंच करून पाहा. बाईंशी बरोबरी करायची राहिली बाजूला, आता तुमच्या हातात एक करून पाहण्याजोगी गोष्ट असेल.

हेच आणखी कशाच्याही बाबतीत करता येईल. चुकलेल्या मुलाला त्या पहिलं वाक्य काय म्हणतात? फळ्याकडे पाठ किती वेळ असते? तासाची पहिली तीन मिनिटं कशी जातात? दर वेळी एक. त्यांच्या चुका शोधायला मात्र जाऊ नका. मन तिकडे ओढेल, आणि दोन-चार सापडतीलही. त्या चुकांनी संध्याकाळपर्यंत बरं वाटेल, पण तुमच्या वर्गाला त्याचा काही उपयोग नाही.

मग त्यांनाही बोलवा. पण "माझा तास कसा वाटला सांगा" असं म्हणू नका, त्यावर "छान झाला" याखेरीज काही उत्तर येत नाही. त्यांना एक काम द्या. "खिडकीशी बसणाऱ्या त्या तिघांकडे लक्ष ठेवाल? भागाकार करताना ते नेमके कुठे अडखळतात, मला पुढून दिसत नाही." चौदा वर्षांत एखाद्या उदाहरणात मूल कुठल्या पायरीवर घसरणार, हे तुम्हाला आधीच कळायला लागलं असेल. दोन-तीन वर्षांच्या अनुभवावर ते येत नाही. त्यांना तुमच्याकडून काय घ्यावंसं वाटतं हे तुम्हाला आज माहीत नाही, कारण त्या तुमच्या वर्गात कधी आलेल्या नाहीत आणि तुम्ही स्टाफरूममध्ये जायचं बंद केलं आहे.

स्टाफरूमबद्दल एक सावधगिरी. तुम्ही परत तिथे बसायला लागलात की कुणीतरी जवळ सरकून म्हणेलच, "दोन वर्षं झाली की सगळ्यांचा उत्साह मावळतो, बघू या किती टिकतो ते." त्या क्षणी हलकं वाटेल. त्या कोपऱ्यात फार रमू नका. स्पेनमधल्या शिक्षकांवर झालेल्या, 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं, की ज्यांचं बरं चाललेलं नाही अशा सहकाऱ्यांमध्ये जे स्वतःला पाहत होते, त्यांच्यात कामाचा थकवाही जास्त होता. 'आपलंही शेवटी असंच होणार' हे तिथे बसून न बोलता शिकलं जातं.

आता रात्रीच्या कागदकामाबद्दल. ते थांबवा. या आठवड्यापासून. उपक्रम वाईट असतात म्हणून नव्हे, तर ते तुमच्या मुलांना कुठे अडतंय यावरून सुचलेले नाहीत, ग्रुपवरच्या फोटोवरून सुचलेले आहेत. तुम्ही अकरापर्यंत जागता आणि सकाळी कमी झोपेवर वर्गात उभ्या राहता, मग एका मुलीचा साधा प्रश्न टोचतो आणि तिच्या चुकीवर आवाज चढतो. हे सगळं एकाच साखळीतलं आहे. महिन्याला एखादा उपक्रम करा, तुम्हाला स्वतःला करावासा वाटला तर, आणि त्याचा फोटो काढायलाच हवा असं नाही. ग्रुप काही दिवस म्यूट करून ठेवला तर शाळेचं काही अडत नाही. खरंच तातडीचं असेल तर फोन येतो.

त्या मुलीशी बोला. उद्याच, तासाच्या आधी, तिला बाजूला घेऊन. "परवा मी तुझ्यावर चिडले, तुझी काही चूक नव्हती." इतकं पुरे. शिक्षिकेनं माफी मागितली म्हणून वर्गातला धाक जात नाही. आणि तिच्या प्रश्नात तुम्हाला नाकारलेलं नव्हतं, असं मला वाटतं. मुलांना नवीन माणसाचं अप्रूप असतं. अ तुकडीतल्या एखाद्या मुलानं त्या बाईंना तुमच्याबद्दल काही विचारलं असेल, तर ते तुमच्या कानावर येणार नाही.

पोटात गोळा येतो ही गोष्ट मात्र मी हलक्यात घेणार नाही. मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना मॅसलॅक यांनी कामातून येणाऱ्या शिणवट्याचा अभ्यास करताना तीन खुणा सांगितल्या आहेत : आतून रिकामं झाल्यासारखा थकवा, ज्यांच्यासाठी काम करतो त्या माणसांबद्दलच कोरडेपणा, आणि आपल्या हातून काही होत नाही अशी भावना. तिसरी खूण तुमच्या पत्रात ओळीओळीत आहे, पहिलीही आहे. दुसरी अजून दिसत नाही. तशी असती तर खेकसल्याचं तुम्हाला इतकं लागलं नसतं. रात्रीचं काम बंद करून, पुरेशी झोप मिळूनही तीन-चार आठवड्यांत फरक पडला नाही, सुटीच्या दिवशीही मन उदास राहिलं, झोप उडाली, अन्न गोड लागेनासं झालं, तर डॉक्टरांना किंवा समुपदेशकांना भेटा. त्यासाठी हे सगळं आधी हाताबाहेर जायला हवं, असं नाही.

जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये या शिणवट्याची व्याख्या केली, तेव्हा तो आजार म्हणून नोंदवला नाही. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ नीट हाताळला न गेल्यानं होणारी गोष्ट, अशी त्याची नोंद केली. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण पत्रभर तुम्ही स्वतःतच खोट शोधता आहात. बैठकीत तुकडीवार सरासरी मोठ्यानं वाचायची पद्धत तुम्ही सुरू केलेली नाही. नवीन आलेली मुलं एकाच तुकडीत टाकायचं तुम्ही ठरवलेलं नाही. मन कितीही घट्ट केलं, तरी दर चाचणीनंतर चारचौघांत जिथे तुलना होते, तिथे ती मनात होणारच.

म्हणून मुख्याध्यापकांशी बोलायला हवं, आणि ती सबब होणार नाही, जर तुम्ही कागद घेऊन गेलात तर. नवीन मुलांची सत्राच्या सुरुवातीची आणि आताची उत्तरपत्रिका सोबत न्या. कोऱ्या पानावर तीन रकाने आखा : नाव, तेव्हाचे गुण, आताचे गुण. मग म्हणा, "सर, सरासरी वाचताना याचाही विचार व्हावा. आणि पुढच्या वर्षी नवीन मुलं दोन्ही तुकड्यांत वाटली जावीत." त्या बाईंचं नाव या बोलण्यात येऊ देऊ नका. एकटीनं जायचा धीर होत नसेल तर आणखी एक-दोन सहकारी बरोबर घ्या. बैठकीत तो आकडा ऐकताना मान खाली घालणाऱ्या तुम्ही एकट्या नसाल, हे मी खात्रीनं सांगते. मुख्याध्यापक ऐकतीलच असं नाही. पण आकड्यामागचं कारण एकदा मोठ्यानं बोललं गेलं, की पुढच्या बैठकीत तो आकडा ऐकताना तुम्हाला इतकं एकटं वाटणार नाही.

हे सदर वाचणारे काही जण मुख्याध्यापक, पर्यवेक्षक असतील. त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. चांगल्या शिक्षकाचं कौतुक जरूर करा, पण दुसऱ्याच्या शेजारी उभं करून नको. 'यांच्यासारखं करा' असं म्हटल्यानं कुणी शिकल्याचं मी पाहिलेलं नाही. दोन शिक्षकांचे ऑफ तास महिन्यातून एकदा असे लावून द्या, की एकाला दुसऱ्याच्या वर्गात बसता येईल. जपानमधल्या शाळांत शिक्षक मिळून एक धडा आखतात, त्यांच्यातला एक जण तो शिकवतो, बाकीचे वर्गात उभे राहून मुलांकडे पाहतात आणि नंतर चर्चा करतात. ही पद्धत तिथे शंभराहून अधिक वर्षं चालत आली आहे. चर्चा धड्याची होते, शिक्षकाची नाही.

आणि ज्यांचं कौतुक होतं त्यांच्यासाठीही दोन शब्द, कारण त्यांचीही पत्रं येतात. दर महिन्याला काहीतरी नवीन करून दाखवायचं ओझं त्यांच्याही डोक्यावर असतं, आणि स्टाफरूममध्ये आपण आलो की बोलणं थांबतं हे त्यांनाही कळतं. अशांनी एखाद्या ज्येष्ठ सहकाऱ्याकडे खरी अडचण घेऊन जावं. कौतुकाला उत्तर म्हणून केलेल्या नम्रतेपेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो.

राहिला अर्जाचा प्रश्न. माझं मत, आत्ता देऊ नका. दुसरी इयत्ता मिळाली तरी तिथेही शेजारी कुणीतरी असेल, आणि तुमच्याकडे त्यांना पाहायची रीत हीच असेल. त्याहून महत्त्वाचं, त्या नवीन मुलांना सत्र अर्धं झाल्यावर आता कुठे तुमची सवय झाली असेल. सत्र संपेपर्यंत थांबा. तेवढ्या काळात त्यांच्या वर्गात दोनदा तरी बसा, मुख्याध्यापकांशी एकदा बोला, रात्रीचं काम बंद ठेवा. यानंतरही बैठकीत तसंच चालू राहिलं आणि शाळेत जायची धास्ती गेली नाही, तर खुशाल अर्ज करा. त्यात कमीपणा काही नाही. जिथे काम करणं असह्य होतं तिथून बाजूला व्हायचा हक्क प्रत्येकाला आहे. फक्त 'कारण' या रकान्यात काय टाळायचं आहे ते लिहू नका. कुठल्या इयत्तेला, गणितातला कोणता भाग, कशा प्रकारे शिकवायची इच्छा आहे, ते लिहा. ते लिहिता आलं, तर अर्ज द्या.